कॉलर्पा रेसिमोसा: मणीदार हिरवे समुद्रशैवाल कसे ओळखावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्ण कटिबंधातील खडकाळ किनाऱ्यांवर आणि प्रवाळमंचांवर ओहोटीच्या वेळी फिरणाऱ्यांकडून एका हिरव्या, मणीदार समुद्रशैवालाची छायाचित्रे ओळखीसाठी सतत येत असतात. त्यांपैकी बरीच कॉलर्पा वंशातली असतात, पण त्या वंशातली नेमकी कोणती जात हे सांगणे वाटते तितके सोपे नसते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉलर्पा रेसिमोसा दिसते कसे? अगदी थोडक्यात सांगा.

तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. खडकाला किंवा वाळूला धरून आडवी पसरलेली, साधारण एक ते तीन मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत हिरवी धावती, म्हणजे खोडासारखा आडवा भाग. तिच्या खालच्या बाजूने जागोजाग फुटलेले बारीक, फिकट मूलाभांचे, म्हणजे मुळांसारख्या धाग्यांचे, झुबके. आणि वरच्या बाजूने उभ्या राहिलेल्या काही सेंटिमीटर उंचीच्या फांद्या. या फांद्यांवर सर्व बाजूंनी दोन ते चार मिलिमीटरचे फुगीर मणी दाटीने लागलेले असतात, त्यामुळे प्रत्येक फांदी द्राक्षांच्या लहान घोसासारखी दिसते. नुसत्या मण्यांवरून मात्र निर्णय घेऊ नये, कारण मणी धरणारी इतरही शैवाले आहेत (प्रश्न ७). धावती, मूलाभ आणि उभ्या फांद्या ही त्रयी जुळली की निदान वंश तरी पक्का होतो.

२. हे शैवाल नेमके कोठे शोधावे?

किनाऱ्याच्या वरच्या, दिवसभर कोरड्या पडणाऱ्या पट्ट्यात ते सहसा सापडत नाही. उधाणाच्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खालच्या पट्ट्यातील खडकांच्या कडा, पाणी साचून राहणारी डबकी, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि त्यापुढचा कायम पाण्याखाली राहणारा उथळ भाग या त्याच्या जागा आहेत. लाटांचा मारा सहन करणाऱ्या कातळावर ते घट्ट, आखूड गादीसारखे वाढते, तर शांत पाण्यात त्याच्या फांद्या लांब आणि विरळ होतात.

हिंदी, प्रशांत आणि अटलांटिक अशा तिन्ही महासागरांच्या उष्ण भागांत त्याची नोंद आहे. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन पीटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाने तांबड्या समुद्राच्या टोकाशी असलेल्या सुएझ येथील नमुन्यांवरून केले. १७६३ मध्ये येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या नोंदी १७७५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. फ्रेंच अभ्यासक लामूरू यांनी कॉलर्पा हा वंश १८०९ मध्ये स्थापन केला, आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आगार्ड यांनी १८७३ मध्ये फोर्स्कोलची जात या वंशात आणली. जुन्या संग्रहालयातील चिठ्ठ्यांवर त्याचे नाव फ्यूकस वंशाखाली आढळले तर गोंधळून जाऊ नये, कारण त्या काळी बहुतेक समुद्रशैवाले त्याच एका वंशात घातली जात.

३. याला मूळ, खोड आणि पाने दिसतात. मग ही वनस्पती नाही का? समुद्रगवतापासून ती वेगळी कशी ओळखायची?

दिसायला हे अवयव असले तरी त्यांच्यात रस वाहून नेणाऱ्या नलिका नसतात आणि फुले तर कधीच येत नाहीत. समुद्रगवताच्या पानावर बोट फिरवले की शिरा जाणवतात, ते मोडले तर तंतू दिसतात आणि त्याची मुळे वाळूत खरोखर रुजलेली असतात. कॉलर्पा मोडली तर आत शिरा नसतात, फक्त पाणी आणि हिरवा, चिकट द्रव बाहेर येतो.

याहून विलक्षण बाब अशी की, मीटरभर पसरलेली धावती, तिच्या फांद्या, मणी आणि मूलाभ धरून ते संपूर्ण शैवाल म्हणजे एकच पेशी असते. तिच्यात असंख्य केंद्रके आणि हरितलवके असतात, पण मध्ये कोठेही आडवी भिंत नसते. एवढी मोठी पोकळ नळी कोसळत नाही, कारण पेशीभित्तिकेपासून आतल्या पोकळीत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणाऱ्या बारीक दांड्यांचे जाळे तिला आधार देते. धारदार पात्याने धावतीचा पातळ काप घेऊन दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले तर वर्तुळाच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या पांढुरक्या दोऱ्या स्पष्ट दिसतात. हिरव्या शैवालांमध्ये ही खूण कॉलर्पाचीच, आणि ती एकदा पाहिली की वंशाबद्दल शंका उरत नाही.

४. माझ्या शैवालाचे मणी अगदी गोल आहेत. ते रेसिमोसाच का?

गोलपणाला फारसे महत्त्व देऊ नये. पाहायचे ते मण्याचा देठ आणि मणी जेथे जोडले जातात ती जागा, म्हणजे मण्याची मान.

एक मणी चिमट्याने अलगद बाजूला करून भिंगाखाली आडवा ठेवावा. रेसिमोसामध्ये आखूड देठ वरच्या दिशेने हळूहळू रुंदावत मण्यात मिसळतो. देठ कोठे संपला आणि मणी कोठे सुरू झाला हे नेमके दाखवता येत नाही. मणी पूर्ण गोल असला, तरी खाली तो निमुळता होत जातो. कॉलर्पा लेंटिलिफेरामध्ये याउलट देठ आणि मणी यांच्या सांध्यावर स्पष्ट आवळ असते, जणू तेथे दोरा बांधून ओढला आहे. शिवाय तिचे मणी बरेचसे एकाच मापाचे असतात आणि मुख्य दांड्यावर उभ्या रांगांमध्ये शिस्तीने बसलेले दिसतात. रेसिमोसाचे मणी लहानमोठे आणि काहीसे अस्ताव्यस्त असतात.

मण्याचा माथा सपाट असेल, म्हणजे तो तबकडीसारखा किंवा वर उघडणाऱ्या तुतारीसारखा दिसत असेल, तर कॉलर्पा केम्निट्झियाचा विचार करावा. मणी लांबट आणि गदेसारखे असतील, आणि उभ्या फांदीचा तळ धावतीला जेथे चिकटतो त्याच्या लगेच वर किंचित फुगलेला असेल, तर कॉलर्पा सिलिंड्रेसिया असण्याची शक्यता आहे. हा फुगवटा इतका सूक्ष्म असतो की छायाचित्रात तो बहुधा सुटतो. त्यामुळे सिलिंड्रेसियाचे नाव केवळ छायाचित्रावरून छातीठोकपणे देऊ नये, असे आमचे मत आहे.

एकच मणी पाहून थांबू नये. एका फांदीच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागांतून मणी घेऊन पाहावेत, कारण टोकाजवळचे कोवळे मणी अजून पूर्ण फुगलेले नसतात आणि ते कोणत्याही जातीचे वाटू शकतात.

५. एकाच खडकावर, एकाच धावतीवर मला दोन वेगळ्या आकारांच्या फांद्या दिसल्या. दोन जाती एकमेकींत गुंतल्या आहेत का?

गुंतलेल्या असू शकतात. पण धावती खरोखरच एक असेल तर जातही एकच. कॉलर्पाचा आकार प्रकाश, लाटा आणि खोली यांप्रमाणे फार बदलतो. भर उन्हातल्या फांद्या आखूड आणि दाट मण्यांच्या असतात. तीच धावती खडकाच्या कपारीत शिरली की फांद्या लांबतात, मणी विरळ होतात आणि काही वेळा चपटेही होतात. जिवंत नमुने वेगवेगळ्या प्रकाशात वाढवून केलेल्या प्रयोगांतही असे बदल दिसून आले आहेत.

या कारणामुळे, एकोणिसाव्या शतकापासून किंचित वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक नमुन्याला नवे उपजातीनाव किंवा प्रकारनाव देण्याची जी रीत पडली, तिने रेसिमोसाभोवती नावांचे रान माजवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने या समूहाची फेरतपासणी केली, तेव्हा एकाच जातीतील म्हणून गणलेले काही प्रकार निराळ्या जातींचे निघाले, तर वेगळी नावे असलेले काही नमुने एकाच जातीचे ठरले. म्हणून संशय आल्यास आधी धावती बोटाने हळूच मोकळी करत जावे आणि दोन्ही फांद्या तिच्यावरच येतात का याची खात्री करावी. धावती वाळूखाली गेली असेल तर ती तोडू नये, वाळू बाजूला सारावी.

६. जुन्या पुस्तकात रेसिमोसाच्या पुढे टर्बिनाटा, पेल्टाटा अशी नावे आहेत. आता काय लिहायचे?

ही नावे प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या रानातलीच आहेत. टर्बिनाटा आणि पेल्टाटा या नावांखाली जे तुतारी किंवा तबकडीसारख्या मण्यांचे नमुने येत, त्यांपैकी बहुतेक आता केम्निट्झियाखाली घेतले जातात. पुस्तकातले नाव जसेच्या तसे उतरवण्यापेक्षा मण्याचा आकार आणि मानेचे वर्णन लिहून ठेवावे. नावे पुढेही बदलतील, वर्णन मात्र उपयोगी राहील.

७. मणी किंवा फुगे असलेली इतर कोणती शैवाले याच्यासारखी दिसतात?

सर्वाधिक फसगत होते ती व्हॅलोनियाच्या बाबतीत. तिचे हिरवे, काचेसारखे चमकणारे फुगे डबक्यांत आणि कपारींत आढळतात. तिला धावती नसते, मुख्य दांडाही नसतो. फुगे एकमेकांना किंवा थेट खडकाला चिकटलेले असतात. बोर्गेसेनियाचे फुगे गदेसारखे लांबट आणि फिकट हिरवे असून तळाशी झुबक्याने उगवतात. डिक्टिओस्फेरियाची खडकाला चिकटलेली कडक गादी जवळून पाहिली की तिच्या पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांनाही बहुकोनी पेशी मोजता येतात.

हॅलिमेडा लांबून गोलसर तुकड्यांची माळ वाटते, पण तिचे तुकडे चपटे आणि कडक असतात, कारण तिच्या अंगात कॅल्शियम कार्बोनेट साचलेले असते. वाळलेल्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकल्यास बुडबुडे येतात. कॉलर्पात चुना साचत नाही, त्यामुळे तेथे काहीच होत नाही. कोडियम गडद हिरवे, दोन दोन फाट्यांत विभागणारे आणि दाबल्यावर स्पंजासारखे लागणारे असते. उल्व्हाशी गोंधळ व्हायचे कारण नाही. तिचे पातळ पापुद्रे किंवा नळ्या असतात, मणी कधीच नसतात.

रंगामुळे होणारी एक चूक मात्र नोंदवण्याजोगी आहे. बॉट्रिओक्लाडिया हे लाल शैवाल असून त्यालाही घोसासारखे फुगे असतात, आणि प्रखर उन्हात त्याचा रंग उडून ते पिवळट किंवा हिरवट वाटू शकते. त्याच्या सावलीतल्या भागाकडे पाहावे. तेथे लाली टिकून असते.

८. माझ्या शैवालाला धावती आणि मूलाभ आहेत, पण मणी नाहीत. पिसासारख्या किंवा पट्टीसारख्या फांद्या आहेत. तेही कॉलर्पाच का?

बहुधा होय. या वंशात मणीदार जाती थोड्याच आहेत. पिसासारख्या फांद्यांच्या पाकळ्या सुईसारख्या बारीक, आडव्या छेदात गोल आणि टोकाला अणकुचीदार असतील तर ती कॉलर्पा सर्ट्युलारिऑइडिस. त्या चपट्या, वर वळलेल्या आणि तळाशी अरुंद झालेल्या असतील तर कॉलर्पा टॅक्सिफोलिया. कडांना दात असलेली, पिळलेली पट्टी असेल तर सेर्रुलाटा. आखूड, ताठ, काटेरी फांद्या असतील तर कुप्रेसॉइडिस. कडा साध्या असलेले पानासारखे चपटे पाते असेल तर प्रोलिफेरा. खारफुटीच्या चिखलात इवल्याशा केसाळ वलयांची कॉलर्पा दिसली तर व्हर्टिसिलाटा तपासावी.

मूलाभही धावतीही नसलेले मऊ हिरवे पीस पाण्याबाहेर काढल्यावर लगदा होत असेल तर ते ब्रायोप्सिस असू शकते.

९. रंग हिरव्याऐवजी पिवळा, नारिंगी किंवा पांढरा आहे. हे आजारी आहे की वेगळी जात?

रंगावरून जात ठरवू नये. उन्हात वाढलेले शैवाल पिवळट हिरवे दिसते, सावलीतले गडद हिरवे.

पांढऱ्या किंवा पारदर्शक फांद्यांचे कारण मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. कॉलर्पा लैंगिक पुनरुत्पादन करते तेव्हा शरीराचा एखादा भाग नव्हे, तर तिच्या आतले जवळजवळ सारे द्रव्य युग्मकांत, म्हणजे प्रजननपेशींत, बदलते. आदल्या दिवशी ठणठणीत दिसणारे शैवाल रातोरात ठिपक्याठिपक्यांचे होते, त्यावर बारीक उंचवटे येतात, आणि पहाटेच्या सुमारास त्या उंचवट्यांतून युग्मके हिरव्या ढगासारखी पाण्यात सुटतात. मागे उरते ती रिकामी, पांढरी भित्तिका, आणि ते शैवाल तेथेच संपते. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील अशा सामूहिक घटनांचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. म्हणून एका सकाळी खडकावरची सगळी कॉलर्पा पांढरी पडलेली दिसली तर लगेच प्रदूषणाचा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. अशा सांगाड्यावरही मानेचा आकार काही तास टिकून असतो, तेवढ्यात ओळख करून घ्यावी.

१०. ओळखीसाठी छायाचित्र कसे काढावे?

वरून काढलेले एकच सुंदर छायाचित्र पुरेसे होत नाही. तीन हवीत: संपूर्ण समूह जागेसह, एक फांदी बाजूने, मण्यांची मान दिसेल अशी, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि धावती मूलाभांसह. पाण्याच्या पृष्ठभागावरची चमक टाळण्यासाठी फांदी उथळ पांढऱ्या बशीत समुद्राच्याच पाण्यात ठेवावी. खडकाचा प्रकार आणि ओहोटीची पातळीही लिहावी.

११. याच्यावर छोट्या हिरव्या गोगलगायी सापडल्या. त्यांचा ओळखीला उपयोग होतो का?

होतो, आणि बऱ्यापैकी होतो. शैवालाची पेशी टोचून आतला रस शोषणाऱ्या काही समुद्री गोगलगायी आपले खाद्य फार काटेकोरपणे निवडतात. ऑक्सिनोई आणि लोबिजर या वंशांतील गोगलगायी कॉलर्पावरच राहतात. त्या सापडल्या की वंशाबद्दल आणखी एक पुरावा मिळतो. नेमकी जात मात्र त्यांच्यावरून ठरत नाही. काही गोगलगायींना तर शिंपल्यासारखी दोन कवचे असतात. त्यांची कवचे शिंपल्यांची समजून बराच काळ त्यांच्यातच गणली गेली, आणि १९५९ मध्ये जपानमध्ये कॉलर्पावर असा जिवंत प्राणी सापडल्यावर तो गोगलगायीचा प्रकार आहे हे उघड झाले.

कॉलर्पा स्वतः डंख करत नाही. तिच्या फांद्यांत दडलेले काही बारीक जीव मात्र करतात, म्हणून हात घालण्यापूर्वी नीट पाहावे.

१२. नमुना घरी नेऊन तपासायचा असेल तर कसा ठेवावा?

आधी त्या ठिकाणी नमुना घेण्याची परवानगी आहे का ते पाहावे. संरक्षित किनाऱ्यांवर ती बहुधा नसते. घेतलाच तर धावतीचा छोटा भाग मूलाभांसह आणि एक-दोन फांद्या पुरेत. गोड्या पाण्यात नमुना धुऊ नये, कारण त्याने पेशी फुटून मणी लिबलिबीत होतात आणि मान पाहण्यासारखी राहत नाही. थंड समुद्रपाण्यात तो काही तास चांगला राहतो.

तोडलेल्या टोकातून थोडा द्रव गळतो आणि काही मिनिटांतच तेथे गोठून बूच बसते. एकाच पेशीच्या जिवाला जखम भरण्याचा हा मार्ग आहे. आकार टिकवण्यासाठी समुद्रपाण्यात केलेले चार टक्के फॉर्मॅलिन वापरतात, पण त्यातल्या नमुन्यातून जनुकीय तपासणीसाठी चांगला डीएनए मिळणे कठीण होते. म्हणून तपासणी करायची असल्यास एक तुकडा वेगळा काढून सिलिका जेलमध्ये वाळवावा. या वंशात जाती वेगळ्या करण्यासाठी हरितलवकातील टुफ-ए हे जनुक मुख्यत्वे वापरले जाते.

उरलेले तुकडे आणि पाणी कोणत्याही जलाशयात टाकू नयेत. कारण पुढच्या उत्तरात आहे.

१३. कॉलर्पा आक्रमक असते असे वाचले. माझ्या किनाऱ्यावरची आढळ कळवावी का?

सरसकट सर्व कॉलर्पा आक्रमक नाही. उष्ण कटिबंधात रेसिमोसा तिच्या स्वाभाविक प्रदेशातच वाढते. ज्या घटनांमुळे वंशाचे नाव बदनाम झाले त्या अन्यत्र घडल्या. १९८४ मध्ये मोनॅकोजवळच्या भूमध्य समुद्रात टॅक्सिफोलियाचा छोटा पट्टा दिसला आणि पुढच्या वर्षांत तो मोठ्या क्षेत्रावर पसरला. तोच मत्स्यालयातील वाण २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन ठिकाणी सापडला. तेथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून त्याचा नायनाट करण्यात आला आणि २००६ मध्ये यशाची घोषणा झाली. मूळचा ऑस्ट्रेलियाचा सिलिंड्रेसियाही १९९० पासून भूमध्य समुद्रात पसरत गेला आहे. या पसरण्याच्या मुळाशी कॉलर्पाची पुनर्जननक्षमता आहे: सेंटिमीटरभर तुकड्यापासूनही नवे शैवाल उभे राहू शकते, त्यामुळे नांगर, जाळी आणि मत्स्यालयातले सांडपाणी तिचे वाहक बनतात.

तेव्हा किनारा उष्ण कटिबंधाबाहेरचा असेल, किंवा बंदराजवळ अचानक मोठा सलग पट्टा दिसला असेल, तर स्थानिक मत्स्य किंवा पर्यावरण खात्याला प्रश्न १० मधील छायाचित्रांसह कळवावे. स्वतः उपटून टाकायला जाऊ नये. त्याने तुकडे वाढतात आणि पसारा वाढतो.

१४. मोबाइलमधील ओळख-ॲप लेंटिलिफेरा सांगते. विश्वास ठेवावा का?

वंशासाठी ठेवावा, जातीसाठी मान पाहून ठरवावे (प्रश्न ४). ॲपला मानेवरची आवळ दिसत असेलच असे नाही, आणि लेंटिलिफेराची छायाचित्रे जाळ्यावर मुबलक असल्याने त्याचा कल तिच्याकडे झुकलेला असणे स्वाभाविक आहे.

१५. भरतीने किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडा मिळाला. धावती नाही, मूलाभ नाहीत. काय लिहावे?

मण्यांची मान शाबूत असेल तर प्रश्न ४ प्रमाणे पाहावे. मणी आक्रसलेले असतील तर समुद्रपाण्यात काही वेळ ठेवावे. जिवंत तुकडे पुन्हा फुगतात, मेलेले फुगत नाहीत. काप घेऊन आतल्या आधारदांड्या दिसल्या तर (प्रश्न ३) निदान वंश लिहिता येतो. तरीही जात पक्की होत नसेल तर नोंदीत "कॉलर्पा, रेसिमोसा समूह" एवढेच लिहावे. तुकडा ज्या ठिकाणी मिळाला तेथेच तो वाढला असे मात्र समजू नये. वाऱ्याची दिशा आणि तुकडा मिळाल्याची वेळ नोंदवली तर तो कोणत्या बाजूच्या खडकावरून तुटून आला असावा याचा अंदाज करता येतो.